रोह्याची जागा

"आज पण नाय म्हणाला," नम्रता फोनवर आईला सांगत होती. "कुणी जागा सोडली तर कळवू. तेच ते. शब्दसुद्धा बदलत नाय तो क्लार्क."

शांतीने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला होता. उजव्या हातात बारीक ब्रश, ब्रशच्या टोकाला काळा रंग, आणि समोर हातभर उंचीचा गणपती. त्याचं सगळं झालं होतं. सोंड, पितांबर, मुकुटाची सोनेरी किनार. डोळे तेवढे नव्हते.

"मग पेणच्या कॉलेजात नाव घालून ठेव ना गो. बाबा बोलतात तसं."

"आर्ट्सला? मग बायोलॉजी कशाला घेतली मी?"

"घालून ठेव म्हटलं. जा म्हटलं नाय."

पलीकडून फोन कट झाला. हल्ली नम्रता फोन ठेवताना 'ठेवते' म्हणत नसे.

रोह्याच्या नर्सिंग कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर नम्रताचा पहिला नंबर होता. पहिल्या नंबराचं कौतुक आपल्याकडे बालवाडीपासून असतं, पण वेटिंगचा पहिला नंबर म्हणजे पंगतीत पान मांडलेलं आणि वाढपी दुसऱ्याच ओळीत. बसवत नाही आणि उठताही येत नाही. त्यात सल्ला द्यायला सगळं हमरापूर तयार. कुणी म्हणे रोज फोन करा, कुणी म्हणे रोज फोन केला तर ते चिडतात. शांतीचा नवरा सुशील वडखळजवळच्या कंपनीत कंत्राटावर होता. तो शिफ्टवरून येऊन जेवताना एकच विचारी, "लागला का?" आणि नाही म्हटलं की पुढचा घास घेई. नम्रता मात्र दुसरं काही करायलाच तयार नव्हती. तिला नर्स व्हायचं होतं आणि रोह्यालाच व्हायचं होतं. त्या एका जागेवर तिने बारावीपासून डोळा ठेवला होता, आणि ती जागा कुणीतरी दुसरीच घेऊन बसली होती.

शांतीने फोन बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं.

दाजींच्या कारखान्यात आखणी करणारी ती एकटीच होती. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. बाकी रंग कुणीही मारावा, पण डोळ्यांना दाजी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यासाठी त्यांचे स्वतःचे नियमही होते, त्यांच्या वडलांपासून चालत आलेले. बुकिंगची चिठ्ठी असल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, कारण डोळे उघडलेला गणपती कुणाच्या तरी घरी गेलाच पाहिजे. ज्याला घर नाही त्याने आंधळंच राहावं. आणि दुसरा नियम, आखणी करताना तोंडाने बोलायचं नाही आणि मनात काही मागायचं नाही. "त्याची पहिली नजर असते ती," दाजी म्हणत. "ती भरमसाट असते. त्याला कमी-जास्त कळत नाय अजून." नव्या पोरी हसत. शांतीही पहिल्या वर्षी हसली होती.

त्या बुधवारी दुपारी लाइट गेली होती. दाजी जेवायला घरी गेले होते, पोरी बाहेर ओट्यावर डबे उघडून बसल्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या दारातून येईल तेवढाच उजेड होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपतींच्या रांगा, आणि त्यातल्या अर्ध्याअधिकांच्या डोळ्यांच्या जागी गुळगुळीत गुलाबी रंग. एवढ्या वर्षांच्या सवयीने शांतीला त्यांचं काही वाटत नसे. उलट ते बघत नाहीत तोवर निवांत असतं, असं ती म्हणायची.

तिने डाव्या डोळ्याची वरची कड ओढली. मग उजव्या. हात चालत होता आणि डोक्यात त्या क्लार्कचं वाक्य घोळत होतं. कुणी जागा सोडली तर. कुणी सोडली तर. का नाही सोडत कुणी? एवढ्या मुली आहेत, एकीला तरी मुंबईला मिळू दे, एकीचं तरी लग्न ठरू दे. बुबुळ भरताना श्वास रोखायचा असतो. शांतीने तो रोखला आणि तिला कळायच्या आत मनात वाक्य उमटलं, स्पष्ट, एखाद्याला काम सांगावं तसं. रोह्याला एक जागा मोकळी कर.

ब्रश उचलला तेव्हा बुबुळ जरा सरकलेलं होतं. मधोमध ठेवलं की मूर्ती कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघते. हा गणपती तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून तो मागच्या दाराकडे बघत होता. तिने मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

मग तिने खाली, पाटाकडे पाहिलं. पाटावर चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठी शेजारच्या गणपतीला होती. एकाच साच्यातले दोघे, एकाच उंचीचे, एकाच रंगाचे. फोन ठेवून स्टूल ओढताना ती वीतभर बाजूला बसली होती. शेजारच्याच्या पाटावर दाजींच्या अक्षरात लिहिलं होतं, सखाराम मरवडे, खांब. आणि त्याचा चेहरा कोरा होता.

बाईमाणसाने अशा वेळी ओरडावं, रडावं, निदान कुणाला तरी सांगावं. शांतीने प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि त्या गणपतीच्या अंगावर टाकला. दाजींना सांगण्याचा तिला धीर झाला नाही. मरवड्यांच्या गणपतीचे डोळे दुसऱ्या दिवशी काढू असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे बसली की हात जड होई, आणि ती त्याच रांगेतला दुसरा गणपती ओढून घेई. असं करत त्या रांगेतल्या साऱ्यांचे डोळे उघडले, तो एकटा राहिला. प्लॅस्टिकचा कागद रोज सकाळी खाली पडलेला असे. वाऱ्याने पडत असेल. शेडला वारा लागतोच.

पंधरवडा तसाच गेला. मग एका दुपारी मागच्या दारात एक माणूस उभा राहिला.

उंच, वाळलेला, डोकं नुकतं भादरलेलं. पायात चपला नव्हत्या, त्या त्याने बाहेर काढल्या होत्या. तो कुणाशी बोलला नाही. रांगांमधून वाट काढत थेट त्या गणपतीपुढे येऊन उभा राहिला आणि त्याच्याकडे बघत राहिला. गणपतीही त्याच्याकडे बघत होता. दारापासूनच बघत होता, हे शांतीला दिसलं.

"आमचा हाच ना?" त्याने विचारलं.

दाजी पुढून लगबगीने आले. "अरे सखा, तू? आणि डोक्याचं..." त्यांनी बोलणं आवरलं. "तुझा तो नाय रे. तुझा हा बाजूचा."

सखाराम मरवड्याने कोऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "डोळं नाय काढलं अजून?"

दाजींनी शांतीकडे बघितलं. एकदा उघड्या डोळ्यांच्या, चिठ्ठी नसलेल्या गणपतीकडे बघितलं आणि पुन्हा शांतीकडे. त्यांच्या लक्षात सगळं आलं होतं.

"राहून गेलं," शांती कशीबशी म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला. "औंदा आमचा गणपती नाय दाजी. तेच सांगायला आलो. पोर गेली."

दाजींनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. सखाराम शांतपणे सांगत होता. एकदा सांगून झालेलं माणूस पुन्हा पुन्हा सांगतं तेव्हा त्याचा आवाज असाच सपाट होतो. वैशाली, थोरली. भाताच्या बांधावर गवत काढत होती. पान लागलं, साप चावला. आधी तिला वाटलं काटा बोचला. सांगितलंसुद्धा नाही तिने लवकर. रोह्याला नेईपर्यंत तोंडाला फेस आलेला.

"कधी?" शांतीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

"त्या बुधवारी नाय का, सगळीकडं लाइट गेल्ती. दुपारी." त्याने कपाळावरून हात फिरवला. "रोह्याच्या नर्सिंगला नंबर लागला होता तिचा. सामान भरून ठेवलेलं, गादी तर आधीच होस्टेलला पोचवलेली. आज येताना कॉलेजात सांगून आलो, आता येणार नाय म्हणून. कागद उद्या न्यायला बोलावलंय."

शांतीचा फोन वाजू लागला. स्क्रीनवर नम्रता. शांतीने तो पालथा केला. तो थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"पोरगीचा हाय?" सखारामने विचारलं.

"व्हय."

"मग उचला ना. पोरींचा फोन उचलावा."

तिने उचलला. "आई, नंबर लागला," नम्रता म्हणाली. तिचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. "आत्ता फोन आला. एक जागा मोकळी झाली. उद्याच बोलावलंय. आई? ऐकतेस ना?"

"ऐकते," शांती म्हणाली. सखाराम चहाची बशी तोंडाला लावून समोर बसला होता. त्याला ऐकू गेलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

तो गेल्यावर दाजींनी शांतीला जवळ बोलावलं. ते रागावतील म्हणून ती तयारीत होती. रागावले असते तर बरं झालं असतं.

"काय मागितलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने सांगितलं.

दाजींनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. "नर्स तर नर्स," ते म्हणाले. "जाऊ दे तिला. आता नाय पाठवलीस तर ती जागा अजूनच वाया. पण पोरीला सांगू नको." त्यांनी तो गणपती उचलून आतल्या खोलीत नेला. त्याचं पुढे काय करणार, हे शांतीने विचारलं नाही.

घरी त्या संध्याकाळी शेवयांची खीर झाली. सुशीलने मुद्दाम शिफ्ट बदलून घेतली. नम्रता घरभर नाचत होती, गाठोडं बांधत होती, सोडत होती. मध्येच पंख्याखाली बसून म्हणाली, "कुणी सोडली असेल गो जागा? तिला मुंबईला मिळाली असेल. फिजिओला वगैरे. तिचं पण चांगलंच झालं असणार, नाय?"

"व्हय," शांती म्हणाली. खोटं बोलायला एवढा लहान शब्द पुरतो, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. पाठवू नये असंही तिला वाटत होतं. ती जागा घेऊ नको, आर्ट्सला जा, काहीही कर पण तिथे जाऊ नको. पण का, हे कसं सांगणार? आणि नम्रताचं तोंड इतकं उजळलेलं तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. आई झालेल्या बाईची हीच गोची असते. तिला पापाची भीती वाटते आणि पोरीचं हसूही सोडवत नाही.

सकाळच्या गाडीने दोघी रोह्याला उतरल्या. कॉलेज गावाबाहेर, नवं पिवळं बांधकाम, समोर भाताची खाचरं. ऑफिसात पंखा फिरत होता आणि काउंटरमागे तो क्लार्क होता, शब्द न बदलणारा. प्रत्यक्षात तो अगदीच तरुण आणि भिडस्त निघाला.

"थोडं थांबाल का?" तो म्हणाला. "आधीच्या मुलीचे वडील कागद न्यायला आलेत. त्यांची सही झाली की लगेच तुमचं."

भिंतीकडेच्या बाकावर सखाराम बसला होता. मांडीवर टोपीची घडी. त्याने शांतीला ओळखलं. मग नम्रताकडे पाहिलं, तिच्या हातातल्या नव्या फाइलकडे, पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे. कालचा फोन त्याला ऐकू गेला होता, हे आता उघड होतं.

शांतीने नम्रताला बाहेरच्या नळावर पाण्याची बाटली भरायला पाठवलं आणि त्याच्या शेजारी बसली. तिला हे सांगायचंच होतं. न सांगता पोर इथे ठेवून जाणं तिला जमलं नसतं.

"दादा, मी मागितलं होतं," ती म्हणाली. "आखणी करताना. रोह्याला जागा मोकळी कर म्हणून. त्याच बुधवारी, त्याच दुपारी. मला कुणाचं वाईट नव्हतं मागायचं."

सखारामने टोपीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. बाहेर कुठेतरी शिट्टी वाजली, मुलींचा कसलासा तास सुटला.

"मी पण मागितलं होतं," तो म्हणाला. "आमची वैशू पण वेटिंगलाच होती. पहिलीच. मी आमच्या देवीला सांगितलं, एवढी एक पोरगी पुढची हलव. चार दिवसांत फोन आला, नंबर लागला."

शांती त्याच्याकडे वळली.

"ती पुढची पोरगी कुठं गेली?"

"मी विचारलं नाय," सखाराम म्हणाला. "आनंदात होतो ना. कोण विचारतं? आता कालपासून सारखं वाटतं, विचारायला पाहिजे होतं."

क्लार्कने त्याला हाक मारली. त्याने सही केली. दहावीचा, बारावीचा, शाळा सोडल्याचा असे कागद त्याच्या हातात आले, ते त्याने न बघता सदऱ्याच्या आत छातीशी ठेवले. मग लगेच नम्रताचं नाव घेतलं गेलं. तेच पेन, तेच काउंटर. सगळं इतक्या झटपट झालं की शांतीला वाटलं, मध्ये थोडा वेळ तरी जागा रिकामी राहायला हवी होती.

"होस्टेलला खिडकीकडची कॉट मिळाली तुम्हाला," क्लार्क नम्रताला म्हणाला. "गादी आहे तिथे आधीच. यांचीच आहे. काका, ती नेणार ना तुम्ही?"

नम्रताला तेव्हा कळलं. तिने सखारामच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. पण ती चांगली मुलगी होती. काही विचारलं नाही.

"राहू दे गादी," सखाराम म्हणाला. "कापूस घरचाच हाय. परत न्यायची आणि तिकडं कुठं टाकायची?" तो दारापर्यंत गेला. चपला घातल्या. मग मुलीला सोडून निघालेला कुठलाही बाप वळतो तसा वळला आणि नम्रताला म्हणाला, "येतो गो. वेळेवर जेवत जा. अंधारात पायाखाली बघून चाल."

"व्हय बाबा," नम्रता म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप गेलं. सखाराम मान हलवून पायऱ्या उतरला.

शांतीने तिला खोलीपर्यंत पोचवलं, चादर घालून दिली. गादीवर मात्र ती बसली नाही. नम्रताने फक्त एवढंच विचारलं, "आई, तुला माहीत होतं?" आणि शांती व्हय म्हणाली. या वेळी तो शब्द लहान वाटला नाही. नम्रता खिडकीतून खाचरांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मी चांगली शिकेन." शांतीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होती?

गाडीला अजून वेळ होता म्हणून ती परत ऑफिसवरून निघाली. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. गोरीशी, साधीशी, शांतीच्याच वयाची, इस्त्रीची सुती साडी. शेजारी तिची मुलगी फोनमध्ये डोकं घालून. क्लार्क त्यांना सांगत होता, "कुणी जागा सोडली तर कळवू, मावशी. आता तुमचाच पहिला नंबर आहे."

"व्हय, आम्ही बसतो थोडं," ती बाई म्हणाली. "काय घाई नाय आम्हाला."

क्लार्क आत गेला. मुलीने फोनवरून मान वर केली नाही. बाईने पदर सारखा केला आणि हात मांडीवर जोडून ठेवले. तिची नजर समोरच्या होस्टेलकडे होती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत नम्रता टॉवेल वाळत घालत होती. बाई तिच्याकडे बघत होती, रागाने नाही, वाईट मनाने तर नाहीच, आणि तिचे ओठ अगदी हळू हलत होते.

शांती पायरीवर थांबली. गाडीची वेळ होत आली होती. ती परत फिरली, बाकापाशी आली, आणि त्या बाईच्या पुढ्यात, खिडकीच्या बरोबर आड येईल अशी, उभी राहिली.

"बसा की बाकावर," बाई बावरून म्हणाली.

"नको," शांती म्हणाली. "इथं बरं हाय."